तीन दिवस बाकी

द्विना नदीकाठच्या राउडेनबर्ग किल्ल्याचा किल्लेदार गेर्लाख त्या दुपारी मुदपाकखान्यात आला, तो एक साधं काम सांगायला.

"लुत्स, बंधू फोल्मारचा वाटा आज शेवटचा. उद्यापासून त्याचा वाडगा मांडू नकोस."

"चाळीस दिवस झालेसुद्धा?" आचारी लुत्स म्हणाला. "म्हाताऱ्याची आता आबाळ होणार. बाकी माणूस चांगला हो. मीठ कमी पडलं तरी हूं की चूं नाही. नाहीतर आपले बंधू."

धर्मयोद्ध्यांच्या त्या संघाचा नियमच तसा होता. बंधू मेला की मेल्या दिवसापासून चाळीस दिवस त्याचा पाव, मांस आणि बिअर एखाद्या गरिबाला द्यायची, तीही त्याच्याच जागी बसवून. फोल्मारच्या जागी जेवणारा हा म्हातारा पहिल्या दिवशी आपणहून दाराशी आला होता. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. जेवतानाही त्या काढायचा नाही.

गेर्लाखला हे चाळीस दिवस कधी एकदा संपतात असं झालं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्याने संघाचा पांढरा झगा अंगावर घेतला. मग पागा सांभाळली, शस्त्रागार सांभाळलं, दोनदा छातीवर भाला झेलला, तेव्हा कुठे किल्ला हाती आला. आणि आता, सत्तावन्नाव्या वर्षी, अख्ख्या प्रांताचं सेनापतिपद! पत्र आलं होतं. आजपासून चौथ्या दिवशी न्यायला स्वार येणार होते.

जेवण नेहमीसारखं मुकाट्याने झालं. पंगतीत बोलायचं नाही, मान वर करायची नाही. उठल्यावर अंगणात म्हातारा गेर्लाखच्या वाटेत उभा राहिला.

"किल्लेदार, अजून तीन दिवस बाकी आहेत."

"कसले?"

"त्याचे. तुम्ही मोजायला लवकर घेतलंत."

गेर्लाख गर्रकन वळला. "हाकला याला," तो पहारेकऱ्यांना म्हणाला. आवाज आपलाच आहे की नाही, याची त्याला शंका आली.

ते तीन दिवस जगात दोघांनाच ठाऊक होते, आणि त्या दोघांतला एक नदीत होता. चकमकीच्या संध्याकाळी, शत्रू पाठीवर आहे या भीतीने गेर्लाखने किल्ल्याचं दार लवकर लावून घेतलं. फोल्मार बाहेर राहिला. शत्रू रात्रीतच निघून गेला. सकाळी जखमी फोल्मार सरपटत गेर्लाखच्या खोलीखालच्या चोरदरवाजाशी आला आणि थाप पडली. तीन ठोके, मग थांबणं. किल्ली गेर्लाखच्या कमरेला होती. पण उघडलं असतं तर रविवारच्या सभेत फोल्मार सगळ्यांसमोर बोलला असता, दार कोणी लावलं ते. झगा उतरला असता, वर्षभर नोकरांबरोबर जमिनीवर बसून जेवावं लागलं असतं. पस्तीस-चाळीस वर्षांची मेहनत पाण्यात! गेर्लाखने उघडलं नाही. तीन दिवस. चौथ्या पहाटे ठोके थांबले, तेव्हा त्याने दार उघडलं, जे होतं ते ओढत नेलं आणि बर्फ फोडून नदीत सोडलं. फोल्मार चकमकीतच पडला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

म्हाताऱ्याला हाकलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चोरदरवाजावर तीन ठोके पडले.

गेर्लाखने कानांत मेण घातलं. ठोके मेणातून आले. त्याने लुत्सला चोरदरवाजाच्या आतल्या बोळात बोलावून घेतलं.

"ऐकू येतंय?"

"काय? माझ्या पोटात कावळे ओरडतायत, तेवढं येतंय," लुत्स हसला. मग त्याने गेर्लाखचा चेहरा पाहिला. "बरं नाही का? काल दुपारपासून तुम्ही घास खाल्ला नाहीत. पाद्रीबाबांना बोलवू?"

बोलवायला हवं होतं. सगळं कबूल करायला हवं होतं. "नको," गेर्लाख म्हणाला.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या घंटेच्या थोडं आधी, ठोके अगदी हळू झाले. मागच्या वेळीही शेवटी असेच झाले होते. संध्याकाळी स्वार येणार होते. गेर्लाख बोळात गुडघ्यांवर बसला आणि रडला. मग, चाळीसपेक्षा जास्त दिवस उशिरा का होईना, त्याने कुलपात किल्ली फिरवली.

बाहेर कोणी नव्हतं. बर्फावर पाऊलही नव्हतं.

"फोल्मार..." तो दोन पावलं पुढे गेला. "फोल्मार, आत ये रे... मी सांगतो सगळ्यांना..."

मागे दार लागलं. किल्ली आतून फिरली.

दारात हाताएवढी जाळी होती. तिच्यातून बोळ आणि पलीकडचं अंगण दिसत होतं. गेर्लाखने दोन्ही मुठींनी दार बडवलं, नखांनी ओरबाडलं. लुत्स पातेलं घेऊन अंगणातून चालला होता, मागून म्हातारा.

"लुत्स! उघड! मी आहे इथे..."

लुत्स थबकला. "आजोबा, काही ऐकलंत?"

"नाही बुवा."

"चला मग. किल्लेदारांचा वाटा गार होईल." लुत्सने बाहीने डोळे पुसले. "आज पहिलाच दिवस त्यांचा."

म्हातारा बोळाच्या तोंडाशी क्षणभर थांबला. त्याचे हात आज मोकळे होते, बोटं धडधाकट होती. मग तो जेवायला गेला.

गेर्लाखची बोटं ठणकू लागली होती. त्याने खाली पाहिलं. चिंध्या त्याच्या पायाशी बर्फात पडल्या होत्या, नीट घडी करून.