राखेतली हजेरी

फोन खिशात घाला आधी. गेथिन, शेगडीत एक ओंडका टाक आणि बस गपचूप. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, आधीच सांगतो. पण जिने पाहिलं तिच्या हातचा चहा मी दर शनिवारी पितो, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. आपल्या शेजारच्या एल्वेनची मुलगी, हेलेद.

चोवीस सालची एकतीस ऑक्टोबर, गुरुवार. हिवाळा लागायची रात्र. माझी आजी त्या रात्री कुत्र्यालासुद्धा बाहेर सोडायची नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास हेलेद किल्ली आणायला मेन्नाच्या दारात उभी होती. नेविन गावाच्या अलीकडे, आइवलच्या डोंगराखाली मेन्नाचं शेत. शेताच्या टोकाला डोंगर संपतो आणि समुद्रच लागतो, तिथे तिचं सुट्टीसाठी भाड्याने द्यायचं कॉटेज. सत्तर सालासारखं सजवलंय तिने ते. नारिंगी पडदे, भिंतीला तपकिरी फुलांचा कागद, चकती फिरवायचा फोन, तबकड्यांचा ग्रामोफोन. आम्ही ज्या वस्तू उकिरड्यावर टाकल्या, त्या बघायला हल्ली लोक पैसे मोजतात. असो.

"ही घे किल्ली," मेन्ना म्हणाली, "आणि नीट ऐक. दार आडमुठं आहे. कडी काढली की दार वर उचलून धरायचं आणि डाव्या खांद्याने खालच्या अंगाला रेटायचं. नवा माणूस अर्धा तास झगडतो बाई. परवा लिव्हरपूलचा एकजण कंटाळून खिडकीतून शिरला, तो पोटापाशी अडकला!"

दोघी खूप हसल्या. मेन्नाने मनुकांचा गोड पाव फडक्यात बांधून दिला. हेलेद उड्या मारतच खाली आली.

तिचा नवरा मेलिर सामान घेऊन दारात थांबला होता. हेलेदने किल्ली त्याच्या हातात दिली आणि दाराची खोड मुद्दामच सांगितली नाही. म्हटलं, बघू या गंमत, कसा झगडतो ते.

मेलिरने कुलूप काढलं. दार वर उचललं. डावा खांदा लावला. दार उघडलं.

आत मिट्ट काळोख होता. त्याने पाऊल टाकलं, कपाटाच्या मागे हात घातला आणि न चाचपडता बटण दाबलं.

हेलेद उंबऱ्यावरच उभी राहिली.

"तू इथे येऊन गेलायस."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या.

"कोणाबरोबर, मेलिर?"

"नेस्टबरोबर. एकदाच. खूप वर्षं झाली गं. तू एवढ्या हौसेने हे घर शोधलंस, मग कसं सांगणार होतो?"

नेस्ट म्हणजे त्याची पहिली बायको. याच किनाऱ्यावर सकाळी पोहायला गेली ती परत आली नाही. चौथ्या दिवशी सापडली. हे सगळं हेलेदशी लग्न व्हायच्या चार वर्षं आधीचं. हेलेदने तिला कधी पाहिलंही नव्हतं, पण सवत ती सवतच. जिवंत असती तर परवडली असती. ती म्हातारी झाली असती, वचावचा भांडली असती, कधीतरी तिची भाजी करपली असती. मेलेलीची भाजी कधी करपत नाही. मेलिरच्या घरात कप तिचे, पडदे तिच्या पसंतीचे, मेलिर गुणगुणायचा ते गाणंही तिचंच. म्हणून हेलेदने तीन महिने शोधून हे कॉटेज धरलं होतं. म्हटलं, इथे तरी फक्त मी असेन. आणि इथेही ती आधीच येऊन बसलेली! तिचा असा जळफळाट झाला की डोळ्यांत पाणी आलं.

रात्री मटण-बटाट्याचा रस्सा दोघांनी मुकाट्याने खाल्ला. मग मेलिर विजेरी घेऊन किनाऱ्यावर गेला आणि मूठभर पांढरे दगड घेऊन आला. समजूत घालायची त्याची ती रीत.

"रुसूबाई, चल, लहानपणी करायचो तसं करू. आजची रात्र आहेच."

तुम्हाला ठाऊक नसेल, तुमच्या आयांनी सोडून दिलंय हे. या रात्री घरातल्या प्रत्येकाने पांढऱ्या दगडावर आपलं नाव खरवडायचं, दगड विस्तवात टाकायचा आणि झोपायचं. सकाळी राख चाळायची. ज्याचा दगड सापडला नाही, तो पुढचा हिवाळा बघत नाही. आजीचा नियम कडक होता. त्या रात्री त्या छपराखाली निजणाऱ्यांचेच दगड टाकायचे. पाहुणा असला तर त्याचाही, पण बाहेरच्याचा नाही. आजी म्हणायची, "दगड म्हणजे घराची हजेरी रे. ज्याचं नाव टाकाल तो घरचा झाला."

दोघांनी खिळ्याने आपापली नावं खरवडली. दगड निखाऱ्यांत ढकलले. साडेदहाला मेलिर वर जाऊन झोपला.

हेलेद एकटीच बसून राहिली. उरलेले दगड चुलीच्या कठड्यावर पडले होते. तिने त्यातला एक उचलला. अकरा चाळीस झाले होते, तिला पक्कं आठवतं, कारण भिंतीवरचं नारिंगी घड्याळ तिने तेव्हाच पाहिलं.

दगडावर तिने नेस्टचं नाव खरवडलं. आणि अगदी खाली, लालभडक निखाऱ्यांत खुपसला.

"सकाळी तू सापडायची नाहीस," ती म्हणाली. "कायमची जा आता. सोड माझ्या नवऱ्याला."

आता काय करायचं या पोरीला! घालवायला निघाली आणि स्वतःच्या हाताने तिचं नाव हजेरीत टाकून बसली. पण मत्सर चढला की माणसाला आजीचे नियम आठवत नाहीत. चांगलं समाधान वाटलं तिला. वर गेली आणि पडल्या पडल्या झोपली.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली.

वारा नव्हता. चंद्रही नव्हता. खाली समुद्राची गाज, बस्स.

मग दाराची कडी वाजली.

दार वर उचललं गेलं... खांदा लागला... दार उघडलं. पहिल्याच झटक्यात.

हेलेदने उशीवरून डोकं उचललं. आता चोर चाचपडेल, कशाला तरी धडकेल, म्हणून ती कान देऊन राहिली. कोणी चाचपडलं नाही. कपाटामागचं बटण वाजलं. जिन्याखालून उजेडाची रेघ आली.

पावलं. अनवाणी. ओली. फरशीवर चप... चप...

चुलीपाशी थांबली.

राखेत काहीतरी खरखरलं. बराच वेळ. कोणीतरी शोधत होतं. मग थांबलं.

खालचा दिवा विझला.

पावलं जिन्यावर आली. चौथी पायरी करकरायची. ती करकरली नाही. येणाऱ्याने ती ओलांडली होती.

हेलेदला ओरडायचं होतं. तिने मेलिरचा हात धरायला हात लांब केला... तेवढ्यात पलंगाची पलीकडची बाजू खचली. हळूच. सवयीने कोणी बसावं तशी.

मेलिर झोपेतच हसला.

"आलीस?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पाय किती गार गं तुझे..."

हेलेदच्या पायांत लोकरीचे मोजे होते. आणि ते त्याला लागलेले नव्हते.

ती पलंगाच्या काठावर पडून राहिली. कूस बदलली नाही. पांघरूण पलीकडे ओढलं गेलं... तेही तिने जाऊ दिलं. अंगावर काही नाही, थंडी मी म्हणत होती. उजाडेपर्यंत तशीच.

काय गं मारेद? नाही, दिवा नको लावू. झालंच आता.

सातला ती खाली आली. दार बंद, आतून कडी. जमीन कोरडी. तिने चाळणी घेतली आणि राख चाळली. मेलिरचा दगड निघाला, काळा पडलेला. नेस्टचा निघाला. पांढरा स्वच्छ, आत्ताच लाटेतून काढल्यासारखा. हेलेदने राख पुन्हा चाळली. मग तिसऱ्यांदा. मग हाताने चिवडली, नखं काळी झाली. तिचा स्वतःचा दगड नव्हता.

मेलिर जांभया देत जिना उतरला. कित्येक महिन्यांत तो असा ताजातवाना दिसला नव्हता.

"सापडले का गं?"

"सापडले," हेलेद म्हणाली. "दोन्ही."

खोटं नव्हतं ते.

"चला! म्हणजे नवराबायको दोघंही शाबूत," तो म्हणाला आणि शीळ घालत चहा ठेवायला गेला.

हेलेद जिवंत आहे, घाबरू नका. तो हिवाळा गेला, दुसराही गेला, ठणठणीत आहे. आजीचं चुकलं म्हणा हवं तर. किंवा दगड हरवलेला माणूस जातो म्हणजे नेमका कुठून जातो, ते आम्हीच तिला कधी विचारलं नाही.

एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, पोरीला वाईट स्वप्न पडलं. पण निघतानाचं अजून राहिलंय.

सामान भरून झालं. मेलिर गाडीत बसला. हेलेदने पुढचं दार उघडायला हात लावला आणि थबकली. थंडी होती, पण सगळ्या काचा कोरड्या होत्या. फक्त पुढच्या सीटजवळच्या काचेवर आतून वाफ धरली होती. तिने हात काढला. मागचं दार उघडलं आणि मागे बसली. का बसली ते तिला आजही सांगता येत नाही.

मेलिरने विचारलंही नाही. बायको मागे बसली, आणि त्याने विचारलं नाही.

गाडी सुरू झाली. आणि टुंग... टुंग... टुंग...

हल्लीच्या गाड्या तुम्हाला माहीत आहेत. सीटवर वजन असलं आणि पट्टा लावला नाही की बोंबलतात. रिकाम्या सीटवर गप्प असतात. हेलेदने आपला पट्टा पाहिला, लावलेला होता. समोर पुढच्या सीटचा लाल दिवा लुकलुकत होता.

टुंग... टुंग...

मेलिर डावीकडे वाकला. तोंडाने तेच गाणं. पट्टा ओढला, सीटवरून अलगद आणला आणि खटकन अडकवला.

आवाज थांबला.

हेलेद मागून बघत होती. पट्टा ताणलेला होता, पण सीटला टेकला नव्हता.