उलटं फिरलेलं इंजिन

"या मानसाले माह्या आंगनात कोनं आनला?"

टेकचंदचा आवाज एवढा चढला, की ओसरीवर तांदूळ पाखडणाऱ्या त्याच्या बायकोच्या, दुर्गेश्वरीच्या हातातलं सूप तसंच थांबलं.

"मी आनली त्याहिले, बाबा," रिंकी शांतपणे म्हणाली. "हा ट्रॅक्टर कसा चालू कराचा, ते मोठ्या बाबाशिवाय कोनाले ठाऊक हाये?"

उदाराम फाटकातच थबकला. चौतीस वर्षं! गोरेगावजवळच्या या घरातून तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला होता, आणि आमगावात एकट्याने पंप दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते. आज धाकट्या भावाची ही लेक स्वतः न्यायला आली, "मोठे बाबा, चला ना," म्हणाली, आणि त्या एका हाकेने त्याचं थिजलेलं अंतःकरण विरघळलं... ओसरीवर माय बसली होती. अनुसयाबाई. उजवा पाय गुडघ्याखाली नसलेली! तिच्याकडे मान वर करून पाहण्याचं धैर्य त्याला झालं नाही.

रिंकी कृषी महाविद्यालयात शिकवायची. तिथे जुन्या यंत्रांचं दालन उभं राहणार होतं, आणि आजोबांनी, नत्थूलालने, लिलावात घेतलेला ट्रॅक्टर गोठ्यामागे ताडपत्रीखाली गंजत पडला होता. नावाची पट्टी केव्हाच गळून गेलेली. सगळं गाव त्याला रशियन म्हणायचं. उदारामला तिथे नेऊन रिंकी ट्रॅक्टरखाली शिरली, रॉकेलच्या चिंधीने तेलकट मळ पुसून तिने लोखंडात ओतलेला आकडा शोधला, मोबाइलमधल्या फोटोंशी ताडून पाहिला.

"रशियन नाही जी हा! एकच सिलिंडर, तोही आडवा. समोरचं डोकं बत्तीच्या जाळानं तापवाचं, आन् स्टिअरिंगच काढून, इंजिनाच्या बाजूच्या जड चाकात घालून झोका द्याचा. जर्मन हाये. सत्तर वर्साच्या वरचा!"

उदारामचे डोळे नकळत उजळले. पहिला ठोका पडताच जमीन कशी थरथरायची, हे तो सांगू लागला. मागोमाग आलेला टेकचंद पाठ फिरवून उभा होता, पण गेला मात्र नाही.

मग रिंकी सहज बोलून गेली, "याची एक खोड हाये. झोका चुकला का इंजिन उलटं फिरते, आन् तसंच चालत राहते. मंग गिअर पुढचा टाकला तरी ट्रॅक्टर मांगं जाते."

"बस झाला, रिंकी," उदाराम घाईने म्हणाला. "जाऊ दे आता."

पण टेकचंद वळला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी खळ्यावर सीटवर उदाराम होता. पण हट्टाने पहिल्यांदाच इंजिनाच्या चाकाला झोका दिला होता तो सोळा वर्षांच्या टेकचंदने! उदारामने गिअर टाकताच ट्रॅक्टर झपकन मागे गेला, आणि मागे धानाचे भारे सोडणारी माय... "रिव्हर्स टाकलास, नालायका!" नत्थूलाल ओरडला होता. इंजिन बंद करायला धावलेल्या उदारामने इंजिनाचं चाक उलटं फिरताना पाहिलं. क्षणात सारं उमगलं. त्याने थरथर कापणाऱ्या धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "हो बाबूजी, माह्याच हातून चुकला." त्या एका वाक्यात त्याचं घर गेलं, शेत गेलं, माय गेली!

"दादा..." चौतीस वर्षांनी टेकचंदच्या तोंडून तो शब्द फुटला. "गिअर कोनता होता?"

उदाराम फाटकाकडे वळला.

"मायची आन हाये तुले, सांग!"

"...पहिला."

टेकचंद मटकन खाली बसला. "बाबूजीच्या मातीलेबी तुले येऊ देलो नाही मी... काऊन नाही सांगतलास, दादा? काऊन?"

"तू लहान होतास, टेका. मी कोठंबी जगलो असतो. तू याच घरात रोज मायचा पाय पाहून कसा जगला असतास?"

दुर्गेश्वरीच्या खांद्याचा आधार घेत अनुसयाबाई केव्हा मागे येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नव्हतं. टेकचंद हुंदके देत तिच्याकडे सरकला, "माय, तुहा पाय माह्यामुळं..."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण तिची जळती नजर थोरल्यावर होती.

"आन् तू! भावाले वाचवलास, चांगला केलास. पन मले इचारलास का? पायाच्या जागी काठी आली रे... तुह्या जागी मी काय ठेवू, सांग!"

आपण एकट्यानेच सोसलं, या समाधानावर उदाराम इतकी वर्षं जगला होता. त्या सोसण्यातला अर्धा वाटा आपण न विचारता मायच्या पदरात टाकला, हे त्याला आज कळत होतं! तो तिच्यापुढे कोसळला. "चुकलो, माय... खरंच चुकलो!"

आता मात्र तिचाही बांध फुटला. तिने त्याचं पिकलं डोकं पोटाशी घट्ट धरलं. तिघंही कितीतरी वेळ रडत होती. रिंकी आणि दुर्गेश्वरी डोळे पुसत बाजूला झाल्या.

ऊन उतरलं तेव्हा फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"मोठे बाबा," रिंकी चाचरत म्हणाली, "आमगावची गाडी..."

ओसरीवर भावासाठी पाट मांडणाऱ्या टेकचंदने मान वर न करताच म्हटलं, "जाऊ दे तिले."