अक्रोडी मुठीची सुरी

"वहिनी, नारिंगी मुठीची घे. पाण्यात पडली तर दिसेल तरी!"

निलेशने हे पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. निलेश म्हणजे मनस्वीचा धाकटा दीर, मालवाहू जहाजावर नोकरीला. जहाज हॅम्बर्गला लागलं, तसा तो वहिनीसाठी सुरी घ्यायला गावात उतरला आणि दुकानातूनच त्याने व्हिडिओ कॉल लावला. इकडे काळबादेवीच्या घरात मांडीवरच्या पूर्वीला थोपटत मनस्वी त्या चकचकीत पात्यांकडे बघत होती आणि अधिकच गोंधळत होती.

महिनाभर वाचून वाचून तिचं डोकं भंजाळलं होतं. सुरी जर्मन बनावटीची हवी, एवढंच पक्कं. पण घडीची की सरळ पात्याची? घडीची खिशात मावते, पण बोटावर मिटली तर? कडक पोलाद छान धार धरतं, पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजतं. न गंजणारं घ्यावं, तर कुणी म्हणे धार लवकर जाते, कुणी म्हणे मुळीच जात नाही! तिला एकच सुरी हवी होती. घरात कैरी चिरणारी आणि नवऱ्याच्या, विनीतच्या, होडीत दोरही कापणारी.

"सुरीसाठी एवढा विचार? लग्न ठरवताना केलावतास काय?" सासूबाई, सोनूबाई, चुलीपुढून म्हणाल्या. "आणि माझी विळी काय मेली?"

"विळी होडीत कशी नेणार, आई?"

"कोयता हाय की!"

शेवटी सरळ, न गंजणारं पातं ठरलं. राहिली मूठ.

"नारिंगी? शी! खेळण्यातली वाटते रे. ती अक्रोडाची दाखव. बघ, कशी देखणी आहे!"

"देखणी हाय वहिनी, पण पडली तर..."

"पडेल कशाला? मी आहे ना सांभाळायला."

आणि चैत्री अमावास्येच्या दुपारी ती देखणी सुरी विनीतच्या होडीत, पिशवीच्या तळाशी होती.

मोहीम होती जाळ्याची. विनीतचं कोरं जाळं आठवड्यापूर्वी बगळ्या खडकाला अडकलं होतं. किनाऱ्यापासून लांब, भर पाण्यातला हा काळा खडक. एरवी तो बुडालेलाच असतो. मोठ्या ओहोटीला तेवढी त्याची पाठ उघडी पडते, तीही घटकाभर. जाळं सोडवायचं तर आजच! होडीवरचे दोघेही खलाशी लग्नाला देवरुखाकडे गेलेले. म्हणून पूर्वीला शेजारच्या ठमाबाईंकडे ठेवून घरची तिघंच निघाली. मशीनवर विनीत, वल्ह्याशी सोनूबाई आणि मधोमध काठ गच्च धरून बसलेली मनस्वी. तिचं माहेर डोंगराकडचं. लग्नाआधी तिने समुद्र पाहिला होता तो फक्त सहलीत.

वाऱ्याचा जोर अजून उतरला नव्हता. किनारा मागे पडत गेला तशी सुरूची रांग, तिच्यामागच्या आंब्याच्या बागा आणि वरचा लाल कातळ हळूहळू एकमेकांत मिसळून गेले, आणि त्यात आपल्या घराचं कौल कुठलं हे मनस्वीला ओळखेना. पूर्वी उठली असेल का? दूध घेतलं असेल का?

"मागं काय बघतेस गो? पोर कुठं पळत नाय," सोनूबाई म्हणाल्या. "फुडं बघ!"

पुढे पांढरा फेस उसळत होता. त्यात मधूनच काळी पाठ दिसे, मधूनच नाहीशी होई. तेवढ्यात मशीन खोकलं आणि बंद पडलं! होडी आडवी झाली. एक लाट थेट आत आली. विनीतने दोरी ओढली. पुन्हा ओढली. मशीन गुरगुरलं!

खडकाशी लागताच तो ओरडला, "उडी मार!"

मनस्वीने मारली. पाय शेवाळावरून घसरला आणि टाचेत चरचर झाली. खडकाला कालवं चिकटलेली होती. त्या शिंपल्यांच्या कडा म्हणजे नुसती ब्लेडं!

"बघून पाय ठेव गं! जाळीसुद्धा कापतात ही मेली," म्हणत विनीत पलीकडच्या घळीत उतरला. पाणी त्याच्या कमरेला लागलं. तो खालून जाळं सोडवू लागला, ती वरून ओढू लागली. हातभर आलं. आणखी हातभर!

"आलं, आलं! ओढ!"

आणि घळीत मोठी लाट शिरली. जाळं गर्रकन फिरलं आणि विनीतच्या पोटरीला वेढे बसले. एक टोक पायाला, दुसरं खडकाच्या खाचेत. आधी तो हसला. पाय झटकला. पुन्हा झटकला. मग हसायचा थांबला. मनस्वीने पाण्याकडे पाहिलं. मघाशी कमरेला होतं, आता छातीला! भरती लागली होती!

"सुरी आण! पळ!"

ती धावली. सोनूबाई एका हाताने वल्हं रोवून होडी खडकापासून दूर ठेवत होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी पिशवीतून सुरी काढली. मनस्वीने हात पुढे केला.

"द्या, आई!"

सुरी हातातून हातात देऊ नये, दोघांत भांडण लागतं, हे सोनूबाईंच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या हाताने डोक्याला विचारलंच नाही. सवयीने सुरी होडीच्या काठावर ठेवली.

"उचल!"

लाट आली. होडी कलली. सुरी घसरली. डुबुक!

मनस्वीने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. काळा खडक, तपकिरी शेवाळ, तपकिरी मूठ. सगळं एकाच रंगाचं! हाताला लागे ते शेवाळ, नाहीतर दगड. नारिंगी असती तर? शोधत राहू? की विनीतकडे जाऊ? पण रिकाम्या हातांनी जाऊन करू काय?

"कोयता! आई, कोयता द्या!"

"घरी हाय! तूच म्हणालीस ना, आता सुरी हाय म्हणून!"

सोनूबाईंचा आवाज फाटला. तिकडे घळीतून विनीतची हाक आली, अर्धी पाण्यात बुडालेली. मनस्वी काहीच न सुचून वळली, आणि टाचेची जखम खाऱ्या पाण्याने झोंबली.

जाळीसुद्धा कापतात ही मेली!

तिने घळीत उडी घेतली. पाणी विनीतच्या गळ्याशी होतं. पायापासून खाचेपर्यंत ताणलेलं जाळं तिने दोन्ही हातांनी पकडलं, कालवांच्या कडेवर दाबलं आणि घासलं. पुढे, मागे! पुढे, मागे!

"अगं, जाळं फाटेल!"

"फाटू दे!" ती किंचाळली.

एक धागा तटकन तुटला. मग दुसरा. तळहात सोलवटले. लाट डोक्यावरून गेली. ती खोकली, पुन्हा घासू लागली. मग एकदम सगळं सैल पडलं, आणि विनीत बुचासारखा वर आला!

दोघं कशीबशी होडीत पडली. जाळं खडकालाच राहिलं. विनीतने मशीनची दोरी ओढली, तर सोनूबाईंनी एक पाय काठाबाहेर टाकलेला.

"ती बघ सुरी, दिसत्ये! तिकडं!"

तिकडे काहीच नव्हतं. नुसतं पाणी. मनस्वीने सासूच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"राहू दे, आई! पूर्वी वाट बघतेय!"

बगळ्या खडक त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, असं मनस्वीला अजून वाटतं. चूक तिने निवडलेल्या रंगाची होती, की सासूच्या सवयीची, की लाटेची? ती एकेक करून तपासते आणि प्रत्येक वेळी उत्तर निराळं येतं. निलेशने पुढच्या खेपेला दुसरी सुरी आणली. मूठ नारिंगी. तिला मनस्वीने दोरी ओवली. सोनूबाईंनी ती तिच्या हातातून हातात घेतली.

आता मनस्वी पूर्वीला घेऊन सावर्ड्याला असते, शाळेतल्या नोकरीसाठी. विनीत दिवसच्या दिवस समुद्रावर. आणि ठमाबाईंचा फोन येतो, की मोठी ओहोटी असली की सोनूबाई एकट्याच किनाऱ्यालगतच्या खडकांत उतरतात. समुद्र कुणाचं ठेवत नाय, म्हणतात. ती अक्रोडी मुठीची सुरी शोधता शोधता पाणी कधी चढलं, ते त्यांना कळत नाही.

तुम्ही कधी अमावास्येच्या संध्याकाळी काळबादेवीच्या किनाऱ्यावर असाल, तर खडकांकडे एकदा बघा. वाकलेली म्हातारी बाई, कमरेला दोरीने बांधलेली नारिंगी मूठ. लांबूनही दिसते. तिला हाक मारा. सुरीचं काही विचारू नका. भरती लागली, एवढंच सांगा, आणि ती वर येईपर्यंत तिथून हलू नका.