सूर्याच्या वाट्याचे पाणी

“सगुणे, परदेशी जहाज खाडीच्या तोंडाशी आले, की आधी गोडे पाणी पाठवायचे. जकात, नजराणा, विचारपूस सारे मागाहून.”

सासऱ्यांचे, पोवळे बंदराच्या थोरल्या देसायांचे, हे शब्द त्या पहाटे सगुणाबाईंच्या कानात उमटले, ते जणू थोरले देसाई अजून ओसरीवरच बसले असावेत असे. समोर पोवळगडाचे बुरूज धुक्यातून एकेक करून वर येत होते आणि खाडीबाहेर, आदल्या दिवसापासून नांगर टाकून, सुमात्रेकडच्या अचीन बंदराचे जहाज तसेच ताटकळत उभे होते.

बंदराची रीत फार जुनी. पाणी देसायांच्या विहिरीचे, होडी कोळ्यांची, आणि सलाम करून ते पुढे धरायचे नाइत्या मुसलमान व्यापाऱ्यांनी. जहाजाच्या नाखुदाने, म्हणजे कप्तानाने, ते ओठांना लावले की जहाज बंदराचे पाहुणे झाले. मग त्याच्यावर चालून येणाऱ्याची गाठ गडाच्या तोफेशी. पाण्यावाचून कोणी नाखुदा खाडीत शिरत नसे. या एका विश्वासावर अचीनची मिरी आणि कापूर इथे उतरे, आणि इथल्या कोष्टी-मोमिनांनी विणलेली पागोटी तिकडच्या सरदारांच्या माथ्यावर चढत.

पण गडावर नवा हवालदार आला होता, जैतोजी काटकर, घाटावरचा. त्याने धक्काच बंद केला. काल सकाळी सगुणाबाई सदरेवर गेल्या, तो हवालदार पूजेत. दुपारी गेल्या, तो भोजनात. पुन्हा गेल्या, तो वामकुक्षीत. दिवस कलताना दर्शन घडले, तेव्हा त्याच्या कमरेला फिरंग्यांची कोरी तलवार झळकत होती. काय ते बाईंना तिथेच उमगले.

“हवालदारसाहेब, पाहुणे तहानलेले आहेत.”

“देसाईणबाई, विचार चालू आहे. फिरंग्यांचा परवाना नसलेले जहाज आत घेतले, तर बोल आम्हांस लागेल.”

“बंदर सुलतानांचे. त्यात फिरंग्यांचा परवाना कशाला?”

“आणि तहानेचे म्हणाल, तर चहूकडे पाणीच पाणी आहे की! पिऊ द्यात पोटभर.” सदर खदखदून हसली. हवालदाराला अधिकच हुरूप आला. “धक्क्यावरून होडी हलायची नाही. तुमचे ते खडकावरून सूर्याला पाणी घालणे मात्र खुशाल चालू द्या. धर्माच्या आड आम्ही येत नाही.”

“उपकार झाले,” एवढेच बाई म्हणाल्या.

पायऱ्यांशी नाइत्यांचे वडीलधारे शेख दाऊद थांबले होते. “बाईसाहेब, नाखुदा इस्कंदर उद्याच्या ओहोटीला नांगर उचलणार. पोवळ्याने पाणी नाकारले, हे एकदा अचीनला कळले की पुन्हा कोण येतो? आणि तिकडे टेकाडाआड फिरंगी दबा धरून बसलाय.”

“दाऊदचाचा, कोळ्यांच्या धाकू तांडेलाला म्हणावे, पहाटे खडकापाशी खेकडे चांगले मिळतात. तुम्हीही जा.”

आणि ही पहाट रथसप्तमीची. लग्न होऊन या घरात आल्यापासून बाईंचे अर्घ्य कधी चुकले नव्हते, हे सारे बंदर जाणत होते. म्हणून विहिरीच्या पाण्याची घागर कडेवर घेऊन त्या निघाल्या तेव्हा पहारेकऱ्यांनी हात जोडून वाट दिली. खडकाशी धाकूची होडी हेलकावत होती. पूर्वेला बिंब वर आले. बाईंनी घागर उचलली, पण ओतली नाही.

“सूर्यनारायणा, आजचा तुमचा वाटा पाहुण्याला देते. रागावलात तर माझ्यावर रागवा, बंदरावर नको.”

थेंबही न सांडता त्या होडीत उतरल्या.

गडावर हवालदार तोंडातले दंतमंजन थुंकत बुरुजाकडे धावला. “अरे, बघता काय? डागा तोफ त्या होडीवर!”

तोफेपाशी शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या यहुदी तेल्यांच्या, शनवार तेल्यांच्या, घरातला रूबेनजी गोलंदाज होता. तो वाकला, दारू चिमटीत घेऊन हुंगली आणि मान हलवून म्हणाला, “दमट वाटते, साहेब.”

“मग दुसरी घाल!”

“तेच म्हणतो. विचार चालू आहे.”

तोवर होडी जहाजाला भिडली होती. दाऊदचाचांनी सलाम करून घागर पुढे धरली. इस्कंदरने ओंजळ भरली, प्यायला, आणि साऱ्या खलाशांनी जयघोष केला. तो ऐकताच टेकाडाआडून फिरंग्याचे गलबत शिडे फुगवून झेपावले. रूबेनजीची दारू एकाएकी कोरडी झाली. हवालदार “थांब, थांब” ओरडत असतानाच तोफ धडाडली, फिरंग्याच्या नाळेपुढे, गलबताच्या टोकाशीच, पाण्याचा खांब उसळला, आणि गलबत वळले ते दिसेनासे होईपर्यंत थांबले नाही.

जहाज आत आले. बाजार भरला, घरोघरी माग खडखडले. दरबाराने जकात आनंदाने घेतली, हवालदाराला याहून मोठा गड दिला, रूबेनजीला तोफेवरून उतरवले, आणि हुकूम मोडला म्हणून देसायांच्या घराचा पाण्याचा मान काढून घेतला. बाईंनी अर्ज धाडले. उत्तर यायचे ते एकच: विचार चालू आहे. ज्या पाण्याने बंदर तगले, ते पाठवायला आता देसायांनाच मनाई!

निघण्याआधी इस्कंदर ओसरीवर येऊन बसला. मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, “मां, अचीनमध्ये तुमच्या विणकरांची एक गल्ली आहे. तिथला म्हातारा मल्लू कोष्टी आता डोळ्यांनी अधू झालाय. म्हणतो, सोने नको, कापूर नको. पोवळ्याच्या विहिरीचे घोटभर पाणी आणा.”

“पोचेल,” बाई म्हणाल्या.

वैशाखात वारा फिरला. जहाज निघायच्या दिवशी बाईंनी स्वतः पाणी शेंदले, नेहमीप्रमाणे सूर्याचा वाटा आधी दिला. मग दुसरी, लहानशी घागर भरून तिचे तोंड मेणाने बंद केले, ती पदराखाली घेतली, आणि ना वाजंत्री, ना मान, अनवाणी पावलांनी त्या खडकाची वाट चालू लागल्या.