मागे कोणी नाही

आरव, तो टॉर्च बंद कर बघू. आणि ऋचा, उद्या तुमच्यात शेपूट कोण होणार आहे? ठरलं नाही? मग ही गोष्ट ऐका आणि मग ठरवा. ऐकीव नाही ही. धैर्यशीलला मी वीस वर्षं ओळखतो, आणि हिचा शेवट तर मी या हातांनी चाचपलाय.

गेल्या वर्षीची जूनची पंधरा तारीख, रविवार. धैर्यशील दुपारी क्राइस्टचर्चहून निघाला तो एका साध्या कामाला. सुनेत्राकाकूंनी त्याच्याकडे एक पणती, दोन वाती आणि औषधाच्या छोट्या बाटलीत तेल दिलं होतं.

"अकारोआच्या वरच्या त्या गेटपाशी लावून ये," त्या म्हणाल्या होत्या. "आज वर्ष झालं. माझ्याच्याने तो चढ होणार नाही, आणि शेवटी तूच होतास ना त्यांच्याबरोबर."

धैर्यशील हो म्हणाला. त्यांच्या डोळ्यांत मात्र त्याला बघता आलं नाही.

त्यांचे यजमान म्हणजे आमचे काशिनाथकाका. हॉस्पिटलात फार्मासिस्ट. पंचावन्नाव्या वर्षी सायकल घेतली आणि डोक्यात एकच घेऊन बसले : फ्रान्सच्या डोंगराळ खेड्यांतून दहा दिवस सायकलने फिरायचं. त्यासाठी एक वही केली होती. कुठला चढ किती लांब, कुठल्या गावात चौकात पाण्याचा नळ आहे, कुठली बेकरी सोमवारी बंद असते, सगळं गोळ्यांच्या डोससारखं नेटकं लिहिलेलं. सरावाला आम्ही इथेच, न्यूझीलंडमधल्या या अकारोआच्या डोंगरात यायचो. "इथल्या गल्ल्यांची नावं फ्रेंच आहेत," काका म्हणायचे, "म्हणजे निम्मा फ्रान्स झालाच की रे."

तिथली एक वाट शेतातून जाते. मालकाची एकच अट होती, की फाटक उघडं राहता कामा नये, मेंढ्या बाहेर पडतात. म्हणून आमच्या ग्रुपचा नियम झाला. सगळ्यांत शेवटी असतो तो शेपूट. त्याने सर्वांत हळू माणसाच्या मागे राहायचं, फाटकाला साखळी घालायची आणि ओरडून सांगायचं, "मागे कोणी नाही." फाटक लावलेलं दिसलं की समजायचं, सगळे बाहेर पडले.

त्याच्या आदल्या वर्षी, दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये, शेपूट धैर्यशील होता. दाट धुकं होतं आणि थंडीने बोटं वाकत नव्हती. दोन तास काकांच्या मागे मुंगीच्या पावलांनी येऊन तो वैतागला, आणि त्यांना मागे टाकून फाटकाशी येऊन उभा राहिला. मागच्या चढावरून काकांची हाक आली. "धैर्या, थांब रे जरा. दम लागलाय."

तो दोन मिनिटं थांबला. फाटकापुढच्या उताराखाली आम्ही बाकीचे कॅफेत पोचलो होतो आणि तिथलं किचन तीनला बंद होणार होतं. येतील मागून, उघडतील फाटक, काय लहान आहेत का? त्याने फाटक लावलं, साखळी अडकवली, आणि सवयीने धुक्यात ओरडला, "मागे कोणी नाही."

खाली मीच त्याला विचारलं, काका कुठे म्हणून. तो म्हणाला, "माझ्या आधीच निघाले की गेटमधून. पुढे आले नाहीत?"

म्हाताऱ्या माणसाला सोडून आला म्हणून आम्ही चिडवू, एवढ्याशा लाजेपायी हे बोलला तो. काका उतरतच असतील, अशी स्वतःची समजूत घातली. एकदा तोंडातून गेलं, मग मागे घेता येईना. पोलिस आले तेव्हाही येईना. आम्ही उताराच्या सगळ्या घळी पालथ्या घातल्या. मी स्वतः फाटकाच्या दिशेने वर गेलो होतो. तीस पावलांवरून बॅटरी मारली. साखळी घातलेली दिसली… आणि परतलो.

रात्री साडेआठला शेताच्या मालकाला काका सापडले. फाटकाच्या आतल्या बाजूला. हृदयाचा झटका, पण डॉक्टर म्हणाले, दोनेक तास तरी जिवंत असावेत. उजव्या हाताचा निळा हातमोजा साखळीखाली पडला होता. डावा कुठेच मिळाला नाही. काहीतरी विसरलं म्हणून परत आत गेले असतील, असं आम्हीच ठरवून टाकलं. धैर्यशील हो हो म्हणत मान हलवत राहिला. वर्षभर सुनेत्राकाकूंच्या घरी जेवला, त्यांचं गवत कापून दिलं, आणि मान हलवत राहिला. आणि आता वर्षश्राद्धाच्या पुढच्याच शनिवारी आम्ही फ्रान्सला निघणार होतो, काकांच्या वहीवरून. वही काकूंनी कोणाला दिली होती? त्यालाच.

तर त्या रविवारी त्याने गाडी खाली लावली आणि सायकलने वर गेला. पोचला तेव्हा पाच पंचवीस झाले होते. जूनमध्ये इथे ऐन हिवाळा, पाचलाच अंधार पडतो हे तुम्हाला माहीतच आहे. वारा नव्हता. पलीकडे मेंढ्या बसल्या होत्या.

त्याने पणती खांबापाशी ठेवली. अलीकडच्या बाजूला. कोणी बघत नव्हतं, पण खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की पणतीसुद्धा खोट्या जागी ठेवली.

वात पेटली. विझली.

पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. वारा नव्हता, सांगितलं ना.

तिसऱ्यांदा काडी ओढली तेव्हा त्याला आवाज आला. सायकलच्या मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा. सायकल हातात धरून कोणी चालत आणतं ना, तसा. टिक्… टिक्… टिक्… फाटकाच्या पलीकडून. खालच्या अंगाने.

आवाज थांबला.

त्याने डोक्यावरचा टॉर्च तिकडे वळवला. वाट मोकळी. फक्त मेंढ्या उठून उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांची तोंडं एकाच जागेकडे. फाटकाकडे.

धैर्यशीलने सायकल उचलली. पळायचंच होतं त्याला.

साखळी हलली.

थोडीशी. मग थांबली. मग परत. जोर नव्हता त्यात. गारठलेली बोटं कडी शोधतात, सापडत नाही, पुन्हा शोधतात…

त्याला पाऊल उचलवेना. आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, त्या थंडीत काकांनी हातमोजे का काढले होते.

साखळी हलत होती.

"काका…"

थांबली.

"काका, मी… तुम्ही मागे होतात. मी लावलं गेट. मी थांबलो नाही… खाली सांगितलंही नाही. मला लाज वाटली हो."

तो रडत फाटकापाशी गेला. त्याचीही बोटं चालेनात. कशीबशी साखळी काढली आणि फाटक सताड उघडलं. पणती उचलून पलीकडे नेली, जिथे काका सापडले होते तिथे ठेवली. वात पहिल्या काडीला पेटली.

अंगाला लागून काहीतरी गार गेलं. मग उतारावर, त्याच्या पुढे… टिक्, टिक्, टिक्, टिक्… लांब, लांब… आणि शांत.

त्याने फाटक लावलं. ओरडायला तोंड उघडलं, पण ते तीन शब्द काही बाहेर पडले नाहीत.

आठ वाजता तो सुनेत्राकाकूंच्या दारात होता. त्यांनी त्याच्यासाठी पिठलं-भाकरी करून ठेवली होती. तो बसलासुद्धा नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. काकू ऐकत होत्या. हातातलं ताट त्यांनी हळूच ओट्यावर ठेवलं.

म्हणाल्या, "दोन तास म्हणाले ना रे डॉक्टर?"

"हो."

काकूंनी ताटावर झाकण घातलं.

"वही टेबलावर ठेव," त्या म्हणाल्या. "आणि जाताना बाहेरचं गेट लावू नकोस."

सॅकमधली वही काढून ठेवून तो निघाला. गेट उघडं ठेवलं. फ्रान्सला तो गेला नाही, आम्हीही गेलो नाही. सायकल त्याने विकून टाकली. मला हे सगळं त्यानेच सांगितलं, ते ऐकून मी माझ्या तीस पावलांचं त्याला सांगितलं.

पण त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सात वाजता, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. काकूंचा फोन आला, "रमणभाऊजी, येऊन जा," एवढंच. मी पोचलो तेव्हा त्या बाहेर गेटपाशी उभ्या होत्या, शाल गुंडाळून. गेट आता लावलेलं होतं. "मी नाही लावलं," त्या म्हणाल्या.

आतल्या कडीला एक निळा हातमोजा अडकवला होता. डाव्या हाताचा. ओलाचिंब, मेंढीची लोकर चिकटलेली. रात्री आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता.

काकूंनी तो काढून माझ्याकडे दिला. मी आत बोटं घातली.

आतून तो अजून गरम होता.