डॉक्टर शायमाचा नकार

एपीएमसी मार्केटच्या फळबाजारात शोएब आंब्याची पेटी उघडून दाखवत होता आणि समोरची मुलगी आंबे सोडून त्याच्या मानेकडे बघत होती.

"मॅडम, हापूस इकडे आहे," तो म्हणाला.

शेजारच्या गाळ्यावरचा मुझम्मिल मुद्दाम खाकरला.

ती लाजली नाही. "डावीकडे, कॉलरच्या वर... ही गाठ कधीपासून आहे?"

"कुठली गाठ?"

"तंबाखूचा मावा खाता?"

"अहो, आधी ओळख तरी होऊ द्या!"

"मी डॉक्टर शायमा. खारघरला कॅन्सर हॉस्पिटलात सर्जन आहे. उद्या सकाळी दाखवायला या. आलात तरच पेटी घेईन."

"असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," शोएब हसला. पण बोटं हळूच मानेकडे गेली. गाठ होती.

तो गेला. तिने त्याचं तोंड तपासलं, गाठ चाचपली, सुईची तपासणी लिहून दिली आणि मावा बंद करायला लावला. त्याने बंद केला. मग काही ना काही निमित्त काढून तो येऊच लागला. एकदा पायरी आंबे घेऊन, एकदा नुसताच. ती कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर बसून चहा प्यायची. त्याच्या शर्टाला पेटीतल्या गवताचा वास यायचा. तिला तो आवडायला लागला होता.

"ऑपरेशनं नसतात तेव्हा लॅबमध्ये करता काय?" त्याने विचारलं.

"तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेक आधी मानेतल्या गाठींत उतरतो. कुणाचा उतरेल, कुणाचा नाही, हे आधी कळलं तर कितीतरी जणांच्या मानेचं ऑपरेशन टळेल. ते कसं ओळखायचं, तेच शोधतेय."

"म्हणजे लोकांच्या माना वाचवता."

"आणि तुम्ही?"

"मी लोकांना आंबे खपवतो. तुम्हाला जरा जास्तच."

ती हसली... आणि मग हसू आवरून म्हणाली, "सुईत नीट काही कळलं नाही, शोएब. गाठ काढून बघावी लागेल."

त्याची बोटं पुन्हा मानेकडे गेली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण तुम्हीच काढा."

"मी नाही. रणजीत सर काढतील."

"का?"

"ते सिनियर आहेत."

तिने नजर चुकवली. शोएबला वाटलं, हिला आतली गोष्ट कळली आहे. आपलं काही खरं नाही, म्हणून ही अंग काढून घेतेय. तो चहा तसाच टाकून गेला. त्यानंतर ना फोन, ना आंबे.

ऑपरेशनच्या दिवशी ती स्ट्रेचरपाशी आली. तो छताकडे बघत होता.

"खरं सांगा," तो म्हणाला, "माझी केस हाताबाहेर गेलीय ना? म्हणून नाही म्हणालात."

"नाही."

"मग?"

वॉर्डबॉय थांबला होता. आत जायची वेळ झाली होती.

"आमच्यात..." तिचा आवाज अडखळला, "आम्हा सर्जनांत आपल्या माणसावर कुणी चाकू चालवत नाही. हात थरथरतो."

स्ट्रेचर हललं. शोएब मान वळवून तिच्याकडे बघत राहिला, दार बंद होईपर्यंत.

बाहेरच्या बाकावर त्याची आई, नूरी, तसबीहचे मणी ओढत बसली होती. शायमा शेजारी बसली.

"बाय, तू तर डॉक्टर. मग बाहेर का?"

"आज तुमच्यासोबत बसते, खाला."

नूरीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिचा गार हात आपल्या मांडीवर घेतला. त्या बाकावर वेळ जात नाही. रोज याच बाकावरच्या माणसांना शायमा बातमी सांगायची. इथे बसून ऐकायची पाळी पहिल्यांदा आली होती.

रणजीत सर मास्क काढत बाहेर आले. "गाठ लगेच तपासून घेतली. कॅन्सर नाही. टीबी दिसतोय. पक्का रिपोर्ट येईल, पण गोळ्यांनी बरा होईल."

शायमा रडायला लागली. नूरीने तिला जवळ ओढलं. "अगं, चांगली बातमी आहे ना? मग?"

संध्याकाळी शोएबला नीट जाग आली. मानेला पट्टी, आवाज घोगरा.

"डॉक्टर..."

"बोलू नका जास्त."

"एकच. वचन द्या. जन्मभर माझ्या डॉक्टर होणार नाही म्हणून."

तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"दिलं," ती म्हणाली.