चोरदाणा

कुंपणापलीकडे एक माणूस चक्क चोरदाण्याच्या रोपाला काठीचा आधार देत होता.

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. मी मटार गोठवणाऱ्या कारखान्यात निवडणीच्या पट्ट्यावर काम करते. समोरून हिरव्या दाण्यांचा लोंढा वाहत असतो, आणि त्यात शेतातून चुकून आलेलं एक रानफळ हुडकून काढायचं असतं. कामोणीचं कच्चं फळ. आकार मटाराचा, रंग मटाराचा, गुण मात्र पोट बिघडवण्याचा... जास्त गेलं पोटात तर त्याहून वाईट. आम्ही त्याला चोरदाणा म्हणतो. माझ्या नजरेतून तो आजवर सुटलेला नाही, म्हणून कारखान्यात मला सगळे ‘चाळणी’ म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि मला त्याचा रागही येत नाही.

आणि हा गृहस्थ त्या चोराला काठी बांधून, बुडाशी पाणी घालून लाडाने वाढवत होता! एक नाही, ओळीने रोपं होती, पाव भाजायच्या जुन्या पत्र्याच्या साच्यांमध्ये.

“ते उपटून टाका,” मी कुंपणावरूनच म्हणाले.

त्याने वर पाहिलं. भुवया पांढऱ्या होत्या, केस मात्र काळेभोर. मला तिथेच संशय आला.

“नमस्कार,” तो म्हणाला. “बरं वाटलं भेटून. मी कालच राहायला आलोय.”

“ते विषारी आहे.”

“कच्चं असताना. पिकलं की मुरंबा होतो.”

“आणि तुमच्या भुवयांना काय झालंय?”

त्याने बोटाने भुवई पुसली आणि बोटाकडे पाहून हसला. “मैदा. कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला आहे. पहाटे भट्टी लावतो, दुपारी मोकळा. आणखी काही चौकशी?”

त्याचं हसू छान होतं. ज्याचं हसू छान असतं त्याच्यावर मी जास्तच लक्ष ठेवते.

माझ्या या स्वभावापायी आत्याने माझ्यापुढे हात टेकले होते. तिने आणलेल्या एका स्थळाला मी एवढंच विचारलं होतं, की आधीची नोकरी सुटली की सोडली? तो चहा अर्धा टाकून उठला. “अगं, नवरा निवडायचाय, मटार नाही!” आत्या म्हणाली होती. पण मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने निवडताच येत नाही, त्याला मी काय करू?

घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं, ते बंद केलं आणि पाठोपाठ आई गेली. तेव्हापासून बाबांनी जेवणाकडे पाठच फिरवली होती. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. मी रागावले, विनवण्या केल्या, एकदा तर त्यांच्यासमोर बसून रडलेसुद्धा. फरक शून्य.

आणि एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर बाबा पावाचा दुसरा तुकडा खात होते!

आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबांचे ओठ जांभळे दिसत होते.

“काय खाल्लंत?”

“काही नाही.”

“जीभ दाखवा.”

“मी काय लहान आहे?”

“बाबा, जीभ.”

त्यांनी दाखवली. शाईची दौत पालथी झाल्यासारखी जीभ!

दोन्ही अंगणांच्या मध्ये एक छोटं फाटक होतं, आधीच्या शेजाऱ्यांच्या वेळचं. मी ते ढकलून तडक त्याच्या स्वयंपाकघरात शिरले. तो बाह्या सरसावून पातेलं ढवळत होता. गरम साखरेचा आणि लिंबाचा वास घरभर पसरला होता... आणि त्यात आणखी काहीतरी होतं, गडद, आंबटगोड. मला तो वास आवडला, हे मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

“माझ्या बाबांना काय घातलंत?”

“बसा तरी.”

“बसायला नाही आले.”

त्याने चूल बारीक केली आणि मला बाहेर रोपापाशी नेलं. पांढरी चांदणीसारखी फुलं होती, मध्ये पिवळा ठिपका. खाली फळांचे झुबके, काही हिरवे, काही काळे.

“हात लावा,” तो म्हणाला. “नुसता.”

मी एका काळ्या फळाला बोट लावलं. ते टपकन तळहातावर आलं.

“पिकलं की चमक जाते, आणि ते आपणहून हातात येतं. हिरवं येत नाही. हिरवं देठ धरून बसतं, पिळून तोडावं लागतं.” तो माझ्याकडे पाहत होता, फळाकडे नाही. “हट्टी असतं.”

“आणि चुकून एखादं हिरवं पातेल्यात गेलं तर?”

“मग तुम्हीच निवडून द्या रोज. तुमच्या नजरेतून गेलेलंच शिजवीन. बाबा सांगत होते, कारखान्यात तुमचा फार दरारा आहे म्हणे.”

बाबा सांगत होते? म्हणजे यांचं बोलणं कधीपासून चालू होतं?

नको म्हणणार होते. पण बाबांचा तो दुसरा तुकडा डोळ्यांसमोर आला, आणि तो बंद करायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून माझी संध्याकाळ त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊ लागली. खिडकीतून तिरकं ऊन यायचं. तो दुपारी तोडलेल्या फळांचा वाडगा माझ्यापुढे ठेवायचा आणि मी एकेक फळ बोटांनी सरकवत बसायचे. बाबा कधी दारातल्या स्टुलावर, कधी अंगणात.

आणि रोज, न चुकता, त्यात हिरवी फळं सापडायची.

“हे काय?” मी फळ त्याच्या नाकासमोर धरायचे.

“अरेरे! नजर कमजोर झाली वाटतं माझी.”

“चष्मा घ्या.”

“तुम्ही आहात ना.”

हे असलं काहीतरी तो अगदी साधेपणाने बोलून जायचा. मग मी खाली मान घालून उगाच तीच फळं पुन्हा निवडायचे. एकदा आम्ही दोघांनी एकाच वेळी वाडग्यात हात घातला. त्याची बोटं उबदार होती, भट्टीतून आल्यासारखी. त्याने हात काढला नाही. मीही... थोडा उशीरच केला.

रात्री आरशासमोर उभं राहून मी स्वतःला बजावलं, चाळणीबाई, सांभाळा. कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मुरतच होतं! एके दिवशी मी फाटकाशी पोचले, तर आत बाबा आणि तो डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. माझी चाहूल लागली आणि दोघं एकदम गप्प. “आज हवा बरी आहे,” बाबा म्हणाले. बाबा आणि हवा? बाबांनी जन्मात कधी हवेबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

त्या संध्याकाळी मी फळं निवडली नाहीत, तपासली. काळ्या फळांना देठ नव्हते. हिरव्या प्रत्येकाला देठाचा तुकडा होता, ताजा, पिळलेला. काळं फळ आपणहून हातात येतं. हिरवं पिळून तोडावं लागतं. हे मला त्यानेच शिकवलं होतं. म्हणजे ही फळं चुकून आलेली नव्हती. कोणीतरी मुद्दाम, एकेक करून तोडून या वाडग्यात टाकली होती. माझे बाबा ज्यातून खात होते त्या वाडग्यात.

मी हिरवी फळं त्याच्यापुढे टेबलावर मांडली. आवाज स्थिर ठेवला, कसा ते माझं मला माहीत.

“ही तुम्ही घातलीत.”

त्याच्या हातातला चमचा थांबला. नाही म्हणेल, असं मला वाटलं. नाही म्हणावं, असंही वाटलं.

“हो,” तो म्हणाला.

“का?”

“वाडग्यात काही सापडलं नसतं, तर तुम्ही दोन दिवसांत यायचं बंद केलं असतंत.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. छातीत काहीतरी लक्कन हललं, आणि लगेच त्यावर राग चढला. कारण आनंद झाला होता, आणि तो झाल्याचाही राग आला होता.

“आणि एखादं माझ्या नजरेतून सुटलं असतं तर?”

“सुटलं नाही.”

“हे उत्तर नाही! माझे बाबा खातात त्यातलं. आई गेल्यावर मला उरलेलं एकच माणूस आहे ते. आणि तुम्ही त्यांच्यावर... खेळ मांडलात?”

“माझं ऐकून तर घ्या—”

मी ऐकलं नाही. घरी आले, फाटकाची कडी लावली आणि फडताळातली मुरंब्याची बरणी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्यानंतरचे दिवस कारखान्यात मी पट्टा इतक्यांदा थांबवला की मुकादमाने हात जोडले. घरी बाबांनी पुन्हा ताट सरकवायला सुरुवात केली. आणि मी मात्र कुंपणाकडे बघायचं नाही म्हणून खिडकीकडे पाठ करून भांडी घासत होते. पलीकडून पाण्याच्या झारीचा आवाज यायचा. तो आला की हातातलं भांडं हमखास निसटायचं. मला त्याची आठवण येत होती. भयंकर येत होती.

“खा ना हो बाबा,” शेवटी मी म्हणाले. “तो मुरंबाच हवा का तुम्हाला? त्याने काय केलं ते ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. हिरवी फळं घालत होता.”

मी खुर्चीत बसले. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी पकडलं मी त्याला. संशय काय तुला एकटीलाच येतो? तू कोणाची मुलगी?” बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “वाडग्यात किती घातली ते मी मोजायचो. तू किती काढलीस तेही मोजायचो. तू घरी आलीस की तो सगळी फळं पांढऱ्या कापडावर पसरून पुन्हा निवडायचा, आणि त्याच्यानंतर मी. मगच पातेलं चुलीवर. मला काय जीव नकोसा झालाय, तसंच खायला?”

“आणि ते कुजबुजणं?”

“हिशेब जुळवत होतो. तू कायम जिंकायचीस.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“सांगितलं असतं तर तू जाणं थांबवलं असतंस. आणि तिथून येताना तू गुणगुणत यायचीस, पोरी. तुला कळायचंही नाही. तुझी आई गेल्यापासून या घरात कोणी गुणगुणलं नव्हतं.” त्यांनी ताटाकडे पाहिलं. “मुरंबा बराच होता. पण मला भूक त्याने नाही लागायची.”

मला रडू आलं, आणि या वेळी मी ते लपवलं नाही. मग तोंड धुतलं, केस बांधले आणि फाटकाची कडी काढली. वाटेत रोपांपाशी क्षणभर थांबले. पानं पिवळी पडू लागली होती. बहर संपत आला होता.

तो टेबलाशी एकटाच बसला होता. पुढ्यात वाडगा. मला पाहून तो इतक्या घाईने उठला की स्टूल पडलं.

“तपासून घ्या,” तो म्हणाला. “यात एकही नाही. पुन्हा कधी नसेल.”

मी बसले. एकेक फळ सरकवत तळापर्यंत गेले. सगळी काळी, चमक गेलेली, बिनदेठाची. पलीकडे तो श्वास रोखून उभा होता. भुवयांवर मैदा होताच.

“बाबांनी सांगितलं सगळं,” मी म्हणाले. “तरी चुकलातच तुम्ही. आधी मला विचारायला हवं होतं.”

“काय विचारायला?”

“की रोज याल का म्हणून.”

“आणि तुम्ही काय म्हणाला असतात?”

“संशय आला असता मला.”

तो हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. “आता? बसला विश्वास?”

“नाही.”

त्याचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, “नसू दे. डोळे मिटून विश्वास ठेवणारी मला नकोच आहे. रोज तपासणारी हवी. आयुष्यभर तपासा. माझी हरकत नाही.”

इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक चहा अर्धा टाकून उठून गेले, तीच हा माणूस मागत होता.

मी मूठ उघडली. येताना रोपावरून तोडलेलं एक फळ त्यात होतं. ते मी हलकेच वाडग्यात, काळ्या फळांच्या मधोमध ठेवलं. हिरवंगार, देठासकट.

“हे बघ,” मी म्हणाले. “सापडलं एक.”

तो वाडग्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. “हे... मी नाही घातलं.”

“मला माहीत आहे.”

“मग—”

“आता सगळा वाडगा पुन्हा निवडावा लागणार. आज नाही जमायचं. उद्या येते.” मी उठले. “लिंबू आणून ठेव.”

“आणि रोपं वाळल्यावर?”

“मटार आणीन.”

तो मोठ्याने हसला आणि त्याने माझा हात धरला. बोटं तशीच उबदार होती. या वेळी मी हात सोडवायला चांगलाच उशीर केला.

घरी येताना कडी लावायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाबा उभे होते, हातात पावाचा तुकडा घेऊन. त्यांचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं, की मी गुणगुणत होते.